नियम गेला, कुलूप उरलं

डिजिटल प्रमाणपत्र आणि त्याची खाजगी किल्ली एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायची, तर दोन्ही सहसा एकाच पासवर्डबंद फाइलमध्ये भरतात. ‘पीएफएक्स’ किंवा ‘पी१२’ असं एक्स्टेन्शन असलेली ती फाइल. ही रचना मायक्रोसॉफ्टच्या पीएफएक्सवरून आली. आरएसए लॅबोरेटरीजने जून १९९९ मध्ये ती ‘पीकेसीएस १२’ या नावाने प्रसिद्ध केली.

आता गंमत बघा. ओपनएसएसएल वर्षानुवर्षं ही फाइल बनवताना खाजगी किल्लीला ‘ट्रिपल डेस’चं कुलूप लावायचं, प्रमाणपत्राला मात्र ४० बिटांच्या ‘आरसी२’चं. एकाच डब्यात एक दणकट कुलूप आणि एक खेळण्यातलं. असं का?

याचं उत्तर गणितात नाही, अमेरिकेच्या निर्यात नियमांत आहे. तिथे भक्कम एन्क्रिप्शनची गणना युद्धसामग्रीत होत असे. १९९२ मध्ये आरसी२ आणि आरसी४ला सवलत मिळाली: किल्ली ४० बिटांपर्यंतच असेल, तर निर्यात परवाना सोपा. ४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, पण जानेवारी १९९७ मध्ये बर्कलीच्या इयान गोल्डबर्गने सुमारे २५० संगणक जुंपून ४० बिटांचं एक आव्हान साडेतीन तासांत फोडलं.

जानेवारी २००० मध्ये नियम सैल झाले, तरी आरसी२ हललं नाही. जुन्या प्रणालींना फाइल उघडता यायला हवी होती. शिवाय प्रमाणपत्र मुळात जाहीरच असतं, मग घाई कोणाला?

अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएल ३.० आलं. त्याने ४० बिटांचं आरसी२ ‘लेगसी’ विभागात टाकलं आणि नव्या फाइलींसाठी २५६ बिटांचं एईएस धरलं. परिणाम असा, की पासवर्ड अचूक असूनही जुनी फाइल उघडत नाही. पद्धत ‘अनसपोर्टेड’ असल्याचा संदेश येतो. त्या किल्लीवर जुने एन्क्रिप्टेड ईमेल अवलंबून असतील आणि दुसरी प्रत नसेल, तर किल्ली गेली म्हणजे ईमेलही गेले.

म्हणून अशी फाइल जपून ठेवली असेल, तर ‘लेगसी’ पर्याय लावून ती आत्ताच उघडा, नव्या पद्धतीने पुन्हा बंद करा आणि नवी फाइल उघडते याची खात्री करा. पासवर्ड लक्षात ठेवणं पुरेसं नाही. ते कुलूप ओळखणारं सॉफ्टवेअरही हाताशी असावं लागतं.