मलिद्याच्या तबकात मांडलेला इतिहास



'मलिदा' हा शब्द आपल्या कानाला नवा नाही. कुणी खुर्चीवर बसून पैसा खाल्ला की आपण म्हणतो, "मलिदा लाटला बघा." दर्ग्यावर नवस फेडायला जाणाऱ्या बाईला मलिदा म्हणजे पोळी कुस्करून, गूळ-तूप घालून केलेला प्रसाद. शब्द मूळचा फारसी. त्याचा अर्थ चोळलेलं, कुस्करलेलं. पण आपल्याच महाराष्ट्रात आणखी एक मलिदा आहे. तो पोह्यांचा असतो. मोठ्या तबकात त्याची रास करतात, भोवती फळं मांडतात, वर गुलाब ठेवतात. तो करणाऱ्या बायकांची भाषा मराठी. त्यांच्या आज्या-पणज्या नऊवारी नेसत. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, म्हणजे गावाच्या नावावरून पडलेली, कोकणी वळणाची. आणि धर्म यहुदी, म्हणजे ज्यू. हे आपले बेने इस्रायली लोक.

आज मी तुम्हाला त्या तबकाबद्दल सांगणार आहे. एवढी सजावट कशासाठी, हे समजलं की एका समाजाचा इतिहास समजतो. आणि तो इतिहास बऱ्याच अंशी बायकांनी चुलीपाशी सांभाळलेला आहे.

सुरुवात समुद्रापासून करू. बेने इस्रायली समाजाची परंपरा अशी, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावात पुरलं. त्या जागी आज स्मारक आहे. पोथ्या, सामानसुमान, सगळं पाण्यात गेलं. वाचलेली माणसं कुलाब्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या गावांत पसरली. पुष्कळांनी तेलाचा घाणा धरला. शनिवार हा यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी काम करायचं नाही. शनिवारी यांचा घाणा बंद. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'.

मग पुढे काय झालं? पोथी नाही, शिकवणारा गुरू नाही. हिब्रू भाषा विसरली गेली. राहिली ती एक प्रार्थना, शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशी सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम. यातला शेवटचा भाग रोजच्या रोज कोण पाळणार? स्वयंपाक करणारी बाई.

याबद्दल समाजात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचा एक विद्वान यहुदी कोकणात आला. शनिवार पाळणारे हे लोक खरोखर आपल्या धर्माचे आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. त्यानं पुरुषांना धर्मातले प्रश्न विचारून निकाल दिला नाही. त्यानं घरातल्या बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि म्हणाला, रांधा. बायकांनी एक शब्द न बोलता मासळी निवडली. खवले आणि पर असलेली एकीकडे, नसलेली दुसरीकडे. कोकणातल्या मैत्रिणींना लगेच कळेल: रावस, घोळ, जिताडा चालतो, कोळंबी, चिंबोरी, मुशी चालत नाही. हा नियम यहुद्यांच्या धर्मग्रंथातला आहे. तो ग्रंथ त्या बायकांनी कधी पाहिलेला नव्हता. आईनं निवडलं तसं त्यांनी निवडलं. रहाबी म्हणाला, हे आपलेच. मग त्यानं झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना धर्म शिकवला. ते समाजाचे काजी झाले.

हा रहाबी नेमका कोणत्या शतकात आला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण समाजानं स्वतःबद्दल कोणती गोष्ट जपून ठेवली ते पाहा. आमची ओळख पटली ती बायकांच्या हातून, मासळीच्या टोपलीवर, असं हा समाज स्वतः सांगतो.

दुसरी खूण म्हणजे सणांची नावं. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहिला. तो १९३७ साली छापला गेला. त्यात जुन्या सणांची नावं दिली आहेत. ती ऐका. 'खिरीचा सण' नव्या धान्याच्या, नारळाचा रस घातलेल्या खिरीचा. 'बिरड्याचा सण' वालाच्या बिरड्याचा. हा खरा जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याच्या शोकाचा दिवस. 'होळीचा सण' म्हणजे यहुद्यांचा पुरीम, तो होळीच्याच सुमारास येतो आणि त्याला पुरणपोळी होते. आणि 'अनाशी ढाकायचा सण'. अनास म्हणजे तोंडीलावण्याच्या आंबट रसाचं भांडं. वसंतातल्या सणात यहुदी घरात आठ दिवस आंबवलेलं काही चालत नाही. पूर्वज मिसर देशातून घाईनं निघाले, पीठ आंबायला वेळ मिळाला नाही, त्याची ती आठवण. कोकणात ती कहाणी पुसट झाली, पण आठ दिवस भांड्यावर झाकण ठेवायचं हे विसरलं गेलं नाही. ते झाकण कोणी ठेवलं असेल, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता तबकाकडे येऊ. मलिदा करतात तो एलियाहू हनाबींसाठी. हनाबी म्हणजे संदेष्टा. बायबलच्या कथेप्रमाणे ते अग्नीच्या रथातून स्वर्गात गेले. बेने इस्रायली घरांत भिंतीवर त्यांचं रथातलं चित्र दिसतं. अलिबागजवळ खंडाळे गावी (हे घाटातलं खंडाळा नव्हे) एक खडक आहे. त्यावरच्या खुणा त्यांच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या, अशी समाजाची श्रद्धा आहे. थंडीच्या अखेरीस, झाडांच्या नवीन वर्षाचा यहुदी सण येतो. त्या दिवशी तिथं लोक जमतात, मलिदा करतात. जुनी माणसं त्याला 'एलियाहू हनाबीचा उरूस' म्हणत. शब्द पाहा: उरूस आपल्या गावचा, हनाबी बायबलातले, आणि पोहे कोकणातले. एरवीही लग्नाआधी, सुंतेच्या वेळी, नव्या घरात, नवस फेडताना मलिदा होतोच.

कृती सोपी आहे. पोहे धुऊन निथळत ठेवायचे. ओला नारळ खवायचा. साखर किंवा गूळ, वेलची, जायफळ घालून हलक्या हातानं कालवायचं. वरून बदाम, पिस्ते, बेदाणे. शिजवायचं काही नाही. दूध-तुपाचा थेंब नाही, त्याचं कारण पुढे सांगते. खरं काम यानंतर. मोठं तबक घेऊन मधोमध मलिद्याची रास करायची. भोवती निदान पाच प्रकारची फळं: खजूर, केळी, सफरचंद, संत्री, चिकू, जी हंगामाला मिळतील ती. मग गुलाब, किंवा सब्ज्याची हिरवी डहाळी.

पाहणाऱ्याला वाटेल, काय सुरेख सजावट! पण ही नुसती सजावट नाही. यहुदी धर्मात कोणताही पदार्थ तोंडात घालण्याआधी देवाचे आभार मानायचे, आणि प्रत्येक प्रकाराचं आभाराचं वाक्य वेगळं. झाडाच्या फळासाठी एक, जमिनीतून येणाऱ्यासाठी दुसरं, सुवासासाठी तिसरं. खजूर हे झाडाचं फळ. केळं मात्र धर्मशास्त्रात जमिनीच्या पिकात धरतात, कारण केळीला लाकडाचा बुंधा नाही. घड दिला की ते खोड संपलं. आपल्यापैकी जिच्या परसात केळ आहे तिला हे पटेल. आणि गुलाब किंवा सब्जा सुवासाच्या वाक्यासाठी. म्हणजे तबकातून एक प्रकार राहिला, तर प्रार्थनेतलं एक वाक्य राहिलं. प्रार्थना पुरुष मोठ्यानं म्हणत आले. पण कोणत्या क्रमानं काय म्हणायचं, ते तबक मांडणारीनं आधीच मांडून ठेवलेलं असतं.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? पानात मीठ-लिंबू-चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. ओटीत तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. यातलं काही चुकलं की म्हातारी लगेच टोकते. तिला पोथी वाचता येत नसेल, पण मांडणी पाठ असते.

आता दूध-तूप का नाही, ते सांगते. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही, हा यहुद्यांचा मोठा नियम. सणाला मटण-कोंबडी असणार. मग त्याच जेवणात दुधाची खीर, तुपातला शिरा कसा चालेल? दुसऱ्या देशांतल्या यहुदी बायकांनी आपापला तोडगा काढला. कोकणातल्या बायकांच्या दारात माड होता. नारळाचं दूध दिसायला दूध, पण जनावराचं नव्हे. त्यामुळे गोडधोड सारं नारळाच्या दुधात.

यातला सर्वांत देखणा पदार्थ म्हणजे यहुदी नववर्षाला, ज्याला जुनी माणसं 'नव्याचा सण' म्हणत, त्या सणाला होणारा चिकाचा हलवा. आपण कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढतो ना, तोच चीक. त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून मोठ्या पातेल्यात आटवायचं. हात थांबवला की तळाला लागलंच. म्हणून घरातल्या, शेजारच्या बायका आळीपाळीनं ढवळतात. घट्ट गोळा फिरायला लागला की वेलची-जायफळ घालून ताटात ओतायचं, वर बदाम-पिस्त्याचे काप लावायचे, गार झालं की शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या. काही घरी गुलाबी रंगही घालतात. नवं वर्ष गोड जावं म्हणून वडी घरोघर वाटायची. आणि सणाच्या पेल्याला धर्माच्या नियमात बसणारा द्राक्षाचा मद्यार्क गावात कुठला मिळायचा? मग काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचं सरबत करायचं. त्यावरच प्रार्थना म्हणायची.

आता थोडं पुढच्या काळात येऊ. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्रायलींचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण इथंही पुढे सिनेगॉग झाले. लोक त्यांना मशीदच म्हणत. अलिबागेत इस्रायल आळी आजही आहे. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला. तेव्हा भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायली होते. त्यांतले बहुतेक हळूहळू तिकडे गेले. ज्या भूमीची आठवण काढत पिढ्या गेल्या, तिथं पोचल्यावर काय झालं? तिथल्या काही धर्मगुरूंनी विचारलं, तुम्ही खरे यहुदी कशावरून? लग्न लावायचं तर पूर्वजांची चौकशी करा, असे हुकूम १९६२ मध्ये निघाले. मराठी बोलणाऱ्या या लोकांनी आंदोलन केलं. शेवटी १९६४ साली तिथल्या संसदेला जाहीर करावं लागलं की बेने इस्रायली हे सर्वार्थानं यहुदीच आहेत.

रहाबीनं मासळीची टोपली ठेवून जे एका दुपारी ओळखलं, ते कागदं मागणाऱ्यांना ओळखायला दोन वर्षं लागली. कागदावर फक्त लिहिलेलं दिसतं. बाईच्या हाताला काय येतं, ते कोणत्याच दाखल्यावर लिहिलेलं नसतं.

आज इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांतून मलिद्याचं तबक मांडलं जातं. तिथं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. इकडे महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सगळे मिळून अडीच हजारांच्या आसपास यहुदी उरले. २०१६ मध्ये राज्य सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातल्या कित्येक गावांत आता एखाद-दुसरंच घर आहे. सिनेगॉगातल्या प्रार्थनेला परंपरेनं दहा पुरुष लागतात, ते जमवणं अवघड होतं. मलिद्याला मात्र पोहे, नारळ, पाच फळं आणि मांडणारीला तबकाची रीत ठाऊक असणं, एवढं पुरतं. म्हणूनच ज्या गावातून माणसं गेली, त्या गावच्या नावाचं आडनाव लावणारी एखादी बाई समुद्रापलीकडे आजही खजूर कुठं आणि केळं कुठं ठेवायचं ते मुलीला दाखवते.

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, लढाया, राजे आठवतात. तो इतिहास आहेच. पण बचत गटाच्या बैठकीत कधी वेळ मिळाला, तर गटातल्या सर्वांत वयस्क बाईला एक सणाचं पान किंवा एक ओटी मांडायला सांगा. ती मांडत असताना प्रत्येक वस्तूबद्दल विचारा: ही इथंच का? काहींचं कारण ती सांगेल. काहींचं म्हणेल, "आई असंच ठेवायची." तेही लिहून ठेवा. मासळी निवडणाऱ्या त्या बायकांनाही कुणी कारण विचारलं असतं, तर त्यांनी याहून वेगळं उत्तर दिलं नसतं.