कशावरून? : अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जाचे विवेचन

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत उन्हाळा लागला की एक संभाषण हमखास ऐकू येते. मुलीची पदवी हातात आहे, एमकॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण चांगले आहेत, आणि वडील विचारतात, "इतके मार्क आहेत, तर अडतंय कुठे?" वडील ज्या व्यवस्थेतून आले तिथे हा प्रश्न अगदी बरोबर होता. महाराष्ट्रात एमबीबीएसला परीक्षेतल्या आकड्यावर जागा ठरते. बीएस्सी होऊन आलेल्यालाही आज नीटच्याच दारातून जावे लागते, आणि त्या दाराशी कुणी निबंध मागत नाही. अमेरिकेतला अर्ज वेगळ्या विचारातून घडला आहे, आणि तो विचार समजल्याशिवाय केलेली तयारी बहुधा वाया जाते. गेली काही वर्षे ओळखीतल्या मुलामुलींचे मसुदे मी वाचत आलो आहे, म्हणून हे पोटतिडकीने लिहितो आहे.

तो विचार असा घडला : बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने 1893 मध्ये वैद्यकशाळा उघडताना प्रवेशासाठी पदवीची अट घातली. त्या काळी अमेरिकेतल्या कित्येक वैद्यकशाळा फी भरणाऱ्या जवळपास कुणालाही घेत. 1910 मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या 155 वैद्यकशाळांची पाहणी करून अहवाल लिहिला, तेव्हा हॉपकिन्सचाच नमुना समोर ठेवला. त्यानंतरच्या काळात अनेक दुबळ्या शाळा बंद पडल्या आणि पदवीनंतर वैद्यक हा क्रम हळूहळू रुळला. परिणाम असा की अर्ज करणाऱ्याजवळ तीन-चार वर्षांचे, कधी दहा वर्षांचे, प्रौढ वयातले आयुष्य असते. ते वाचता येते, म्हणून कॉलेज ते वाचते.

अलीकडे एमडी पदवी देणाऱ्या वैद्यकशाळांना दरवर्षी 50,000 हून अधिक अर्जदार असतात आणि सुमारे 23,000 जण प्रवेश घेतात. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी एमकॅटमध्ये 528 पैकी 511 ते 512 च्या आसपास आणि जीपीए (पदवीच्या गुणांची 4 पैकी सरासरी) 3.8 च्या जवळ असते. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढची आहे : 517 हून अधिक गुण आणि 3.8 हून वरचा जीपीए असलेल्या अगदी वरच्या गटातही साधारण सहांतल्या एकाला एकाही कॉलेजात जागा मिळत नाही. त्याचा अभ्यास कमी पडलेला नसतो. त्याच्या अर्जात एका प्रकारचा पुरावा भरपूर असतो आणि बाकीच्या प्रकारांची जागा रिकामी असते.

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची साधने सांगितली आहेत. त्यांतली प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही तीन इथे नेमकी लागू पडतात. अर्जदार म्हणतो, मी चांगला डॉक्टर होईन. प्रवेशसमिती विचारते, कशावरून? गुणांवरून अनुमान काढता येते. रुग्णांच्या सहवासातून अर्जदाराने स्वतः काय पाहिले, हे प्रत्यक्ष. आणि शिफारसपत्र म्हणजे शब्दप्रमाण. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, कारण प्रत्येकातून कळणारी गोष्ट निराळी असते.

अनुमानाचा भाग आकड्यांचा, त्यामुळे सोपा वाटतो; पण त्यातले गणित बहुतेकांना उशिरा कळते. समजा 120 क्रेडिटची पदवी 3.2 ने पुरी झाली. मग एका मुलाने नोकरी सांभाळून आणखी 30 क्रेडिटचे विज्ञानविषय घेतले आणि सगळ्यांत ए, म्हणजे 4.0, मिळवला. गुण झाले 384 अधिक 120, भागिले 150, म्हणजे 3.36. वर्षभर एकही चूक न करता सरासरी हलली 0.16 ने. नापास विषय पुन्हा घेतला तर अॅमकास ही केंद्रीय अर्जसेवा जुना आणि नवा दोन्ही गुण धरते, जुना पुसत नाही. इथे पुष्कळ जण खचतात. पण अॅमकास वर्षवार सरासरी वेगळी दाखवते आणि जीवशास्त्र, रसायन, भौतिकी, गणित यांची सरासरीही वेगळी काढते. पहिल्या वर्षी 2.7 आणि शेवटच्या 30 क्रेडिटला 4.0 ही चढण वाचणाऱ्याला स्पष्ट दिसते, आणि कमकुवत सुरुवात झालेल्याचा खरा आधार ती चढणच असते. मास्टर्सचे गुण मात्र वेगळ्या रकान्यात जातात. पदवीचा आकडा सुधारायचा असेल तर पदवीच्याच पातळीवरचे विषय घ्यावे लागतात. मास्टर्सला दोन वर्षे आणि मोठी फी घालण्याआधी हा फरक माहीत असायला हवा.

एमकॅटबद्दल थोडक्यात. चार विभाग, 230 प्रश्न, मध्यांतरे धरून साडेसात तास. दुसऱ्या विभागात इतिहास, तत्त्वज्ञान, कला असल्या विषयांचे उतारे असतात आणि पाठांतराचा तिथे काहीच उपयोग नसतो. विज्ञानात पुढे असलेली आपली मुले बहुधा इथेच अडतात. त्यावर क्लास लावण्यापेक्षा वर्षभर रोज अर्धा तास जड गद्य वाचणे जास्त उपयोगी पडते. दिलेल्या प्रत्येक परीक्षेचे गुण कॉलेजला दिसतात, म्हणून "एकदा बसून तर बघू" हा सल्ला कुणाचा ऐकू नये.

प्रत्यक्षाचा भाग मात्र खोल आहे. इथे तास मोजण्याची चूक सर्रास होते. शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांच्या मागे उभे राहून पाहणे, यातून पेशा दिसतो. पण रुग्णाशी आपला संबंध येतो तो हॉस्पिसमध्ये अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांसोबत बसताना, रुग्णवाहिकेवर काम करताना, रक्त काढायचे काम शिकून नोकरी करताना. ओळखीतली एक मुलगी रात्रपाळीला इमर्जन्सी विभागात स्क्राइब होती. डॉक्टर रुग्णाशी बोलत असताना कोपऱ्यात चाकांच्या टेबलावर संगणक ठेवून नोंद टाइप करायची, हे तिचे काम. एका रात्री एक मराठी आजी आल्या, सोबत मुलगा. आजी म्हणाल्या, "छातीवर दडपण आलंय." मुलाने घाईत इंग्रजीत सांगितले की आईला टेन्शन आले आहे. हिने तेच टाइप केले. दोन ओळी पुढे गेल्यावर तिचा हात थांबला. दडपण मनावरही येते आणि छातीवर धोंडा ठेवल्यासारखेही येते, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने या दोन पूर्ण वेगळ्या तक्रारी आहेत. स्क्राइबला दुभाषाचे काम करायची मुभा नव्हती. तिने डॉक्टरांना एवढेच सांगितले की या शब्दाचे दोन अर्थ होतात, फोनवरचा दुभाषा बोलवावा. दुभाषा आला, आजींनी तळहात छातीवर दाबून दाखवला, आणि हिने स्वतःची ओळ पुसून त्यांचे शब्द लिहिले.

अर्जाच्या पहिल्या मसुद्यात हा प्रसंग "माझ्या भाषाज्ञानामुळे एका रुग्णाचा जीव वाचला" असा आला होता. मी विचारले, कशावरून? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, ईसीजी तर आल्या आल्याच काढला होता." म्हणजे जीव वाचवल्याचा दावा टिकत नव्हता. टिकत होती ती तिच्याच हाताने टाइप झालेली चुकीची ओळ, आणि नोंद कुणाच्या शब्दांत असावी याचे त्या रात्री आलेले भान. पुढच्या मसुद्यात तिने नेमके तेच लिहिले, आणि आपल्या कामाची मर्यादा कुठे संपते हेही लिहिले. वाचणाऱ्याला या मुलीचा भरवसा वाटतो तो तिथे. अॅमकासमध्ये जास्तीत जास्त 15 अनुभव नोंदवता येतात, प्रत्येकाला 700 अक्षरे, आणि त्यांतल्या तीन महत्त्वाच्या अनुभवांना आणखी 1,325 अक्षरे. पंधरा रकाने भरलेच पाहिजेत असा नियम नाही. दडपणाच्या प्रसंगासारखे तीन असले तर सात-आठ नोंदींचा अर्जही भरीव वाटतो.

शब्दप्रमाणाबद्दल प्राचीनांनी एक अट घातली आहे : बोलणारा आप्त असावा, म्हणजे त्याला विषय ठाऊक असावा आणि त्याने आहे तसे सांगावे. शिफारसपत्राचे सगळे शास्त्र यात येते. समाजातल्या मोठ्या हृदयरोगतज्ज्ञांचे पत्र घरच्यांना भारदस्त वाटते. पण त्यांनी मुलाला दोन लग्नांत आणि एका गणेशोत्सवात पाहिलेले असते. प्रयोगशाळेत त्याचा प्रयोग चारदा फसताना पाहिलेली प्राध्यापक बाई या बाबतीत आप्त आहे. पुष्कळ कॉलेजे विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची पत्रे मागतात. पदवी होऊन पाच-सहा वर्षे लोटलेल्यांची इथे खरी पंचाईत होते, कारण वर्गातला चेहरा कुणाला आठवत नसतो. त्यांनी नवे विषय घेतानाच, गुणांइतकेच, शिक्षकाच्या भेटीच्या तासांना नियमाने जाण्याकडे लक्ष द्यावे.

या साऱ्याला जोडणारे ते अर्जदाराचे वैयक्तिक निवेदन, 5,300 अक्षरांचे. मराठी माणसाला याचा एक फार चांगला नमुना घरातच आहे. आनंदीबाई जोशींनी 1883 मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला लिहिलेले प्रवेशाचे पत्र आजही त्या शहरात जपलेले आहे. त्या तेव्हा 18 वर्षांच्या होत्या, पदवीधर नव्हत्या, पण पत्राची बांधणी पाहावी. कुणासाठी शिकायचे ते त्या सांगतात : ज्या बायका पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील, त्यांच्यासाठी. आणि निश्चयाचा पुरावा म्हणून स्नेहीजनांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आल्याकडे बोट दाखवतात. दहा दिवसांचे मूल त्यांनी गमावले होते. त्या दुःखाचा आधार न घेताही पत्रातली गरज आणि निश्चय एकमेकांना धरून उभे राहतात.

आज निवेदन लिहिणारा इंजिनीअर किंवा शिक्षक असतो, आणि आधीची वर्षे ही चूक होती अशा सुरात लिहितो. हे मला फार चुकीचे वाटते. सहा वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्याला मध्यरात्री बिघडलेली यंत्रणा शांतपणे तपासण्याची सवय असते, शिक्षिकेला एकच गोष्ट पाच तऱ्हांनी समजावता येते. तो अनुभव जसाच्या तसा ठेवून, तो पुरेसा का वाटेनासा झाला, नेमक्या कोणत्या दिवशी, कुणासमोर उभे असताना, एवढे सांगितले की "डॉक्टरच का, नर्स किंवा संशोधक का नाही?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा आपोआप येते. लहानपणच्या खेळण्यातल्या स्टेथोस्कोपचा परिच्छेद मी प्रत्येक मसुद्यातून काढायला लावतो.

मुलाखतीची आजची एक रूढ पद्धत कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात घडली : बऱ्याच लहान खोल्या, दाराबाहेर प्रसंग वाचायला दोन मिनिटे, आत सात-आठ. तिथे पाठ केलेले उत्तर लगेच उघडे पडते. समोर रडणारा नातेवाईक उभा केला आहे आणि उमेदवार त्याला वैद्यकीय नीतीची तत्त्वे ऐकवतो, असेही घडते.

ज्यांची पदवी भारतातली आहे त्यांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. बरीच कॉलेजे अमेरिकेत किंवा कॅनडात घेतलेले विज्ञानविषयच ग्राह्य धरतात, परदेशी नागरिकांना फार थोडी घेतात, आणि त्यांतली काही अनेक वर्षांची फी आगाऊ बाजूला ठेवायला सांगतात. मुंबई-पुण्याहून सरळ अर्ज टाकण्याआधी हा खर्च आणि हा काळ मांडून पाहावा.

राहिला वेळेचा प्रश्न. अर्ज मे संपून जून लागण्याच्या सुमारापासून पाठवता येतो, पडताळणीला गर्दीच्या दिवसांत सहा आठवडेही लागतात, मग प्रत्येक कॉलेजचे आणखी निबंध येतात, आणि पुष्कळ ठिकाणी आलेले अर्ज येतील तसे वाचले जातात. त्यामुळे जूनचा पहिला आठवडा गाठण्याची घाई सगळ्यांना असते. स्क्राइब मुलीने अर्ज करायचे ठरवले त्या जूनमध्ये तिचे एक शिफारसपत्र यायचे होते आणि रुग्णांजवळचे काम जेमतेम चार महिन्यांचे झाले होते. घरात "वर्ष वाया जाईल" हे शब्द दिवसातून दोनदा निघत. प्रवेश घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पदवीनंतर निदान एक वर्ष बाहेर काढलेले असते, हे वडिलांना पटायला वेळ लागला. त्यांना शेवटी पटले ते दुसऱ्या कारणाने : नाकारला गेलेला अर्ज पुसला जात नाही, आणि पुन्हा अर्ज करणाऱ्याला अनेक कॉलेजे थेट विचारतात की गेल्या वेळेपासून काय बदलले. तिने तो अर्ज पाठवला नाही. रात्रपाळी चालू ठेवली, शनिवारी हॉस्पिसमध्ये जायला लागली, आणि यायचे राहिलेले पत्र नोव्हेंबरात आले.