घसा फोडून आवाज सुटत नाही

नेवाशात ज्ञानेश्वरी पारायणांना आणि हरिनाम सप्ताहांना तोटा नाही. पहाटे काकडा, दिवसा पारायण, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन. चौथ्या-पाचव्या दिवशी चाल म्हणणाऱ्यांपैकी एखाद्याचा घसा बसतोच. मग मंडपामागे ठरलेला सल्ला मिळतो : "लवंग धरा दाढेखाली आणि म्हणत राहा, माउली. घसा फुटल्याशिवाय आवाज सुटत नाही."

हे मत अडाण्यांचे नाही, म्हणून त्याची बाजू आधी नीट मांडतो. गाता गाता घसा तापला की आवाज मोकळा झाल्यासारखा वाटतो, हा अनेकांचा अनुभव. ज्येष्ठमधाच्या काढ्याने आराम पडतो, हाही. शिवाय दाखला दिला जातो तो अल्लादियाखाँचा : आवाज गेला, म्हणूनच तर जयपूर घराण्याची गायकी जन्मली!

खाँसाहेबांपासूनच सुरुवात करू, कारण दाखला वजनदार आहे. आमलेटा संस्थानच्या दरबारात अतोनात गावे लागल्याने त्यांचा आवाज गेला आणि बराच काळ परतला नाही. परतला तेव्हा पूर्वीचा उरला नव्हता. मग त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी बुद्धीने घडवली. आता सांगा, यात घसा फोडण्याचे मंडन कुठे आहे? अतिगायनाने आवाज गेला, एवढेच यातून सिद्ध होते. गायकी जन्मली ती प्रतिभेमुळे. ज्यांचे आवाज असेच गेले आणि ज्यांच्यापाशी ती प्रतिभा नव्हती, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली?

आता घसा तापल्यावर येणाऱ्या मोकळेपणाकडे वळू. पुरुषाचे स्वरतंतू साध्या बोलण्यात सेकंदाला शंभराहून अधिक वेळा एकमेकांवर आदळतात. चढ्या चालीत ही संख्या दुप्पट-तिप्पट होते. सर्दीने असो वा ताणाने, ते सुजले की जड होतात, नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते. यालाच आपण घसा बसणे म्हणतो. अशा वेळी गाणारा खालून श्वासाचा जोर वाढवतो, मानेचे स्नायू आवळतो आणि आवाज बाहेर ढकलतो. आवाज येतो खरा, पण सूज उतरलेली नसते. मुरगळलेल्या पायावर धावणाऱ्यालाही अंग तापले की काही काळ दुखणे कळत नाही. म्हणून निवाडा रात्रीच्या कीर्तनात करू नका. दुसऱ्या दिवशीच्या काकड्याला करा.

परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी परंपराही पाहावी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्वरभेदावर, म्हणजे आवाज बसण्यावर, स्वतंत्र अध्याय आहे. त्यातील कारणांमध्ये फार मोठ्याने बोलणे आणि पठण करणे ही दोन्ही येतात. चरकाने कंठाला हितकर द्रव्यांत ज्येष्ठमध घातला, उसाचे मूळही घातले. (ऊसवाल्या नेवासे तालुक्याला हे आवडावे.) पण औषध घेऊन कारण चालू ठेवा, असे कोणत्या वैद्याने सांगितले?

आता काढ्याचे पाहू. गिळलेला घोट अन्ननलिकेत जातो, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. पाण्याचा थेंब तिकडे चुकला तर ठसका लागतो. तंतूंवर लेप बसत नाही. काढ्याने घशाची खवखव शमते, पोटात पाणी जाते, दोन्ही चांगलेच. कोमट वाफ मात्र श्वासाबरोबर खरोखर तिथवर पोहोचते. आणि विषाणूमुळे बसलेल्या घशाला दुकानातून मागून घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांचा उपयोग नाही.

गाणे थांबवणारे काही शहाणे दुसरीच चूक करतात : कुजबुजत बोलतात. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 100 रुग्णांना तपासताना कुजबुजायला लावले. 69 जणांच्या स्वरयंत्रावरचा ताण उलट वाढलेला दिसला. सगळ्यांचा नव्हे, पण बहुतेकांचा. तेव्हा बोलणे भागच असेल तर थोडे, सहज, हलक्या पण खऱ्या आवाजात बोलावे. एरवी गप्प राहावे.

मुळात घसा का बसतो, हा खरा प्रश्न. साधना कमी पडते म्हणून? फ्रेंच वैद्य लोंबार यांनी 1911 मध्ये दाखवून दिले की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. पंचवीस टाळ, पखवाज आणि श्रोत्यांकडे तोंड केलेले कर्णे यांच्यामध्ये उभ्या गायकाला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. तो ओरडणार नाही तर काय करील? दोष गळ्याचा नाही, मंडपाच्या मांडणीचा आहे.

सप्ताह समित्यांना म्हणूनच विनंती आहे. एक स्पीकर गाणाऱ्यांकडे वळवा. पट्टी एखाद्या सुराने उतरवायला हरकत घेऊ नका. बसलेल्या घशाच्या माणसाला टाळ द्या, चाल दुसऱ्याला द्या. साधा बसलेला घसा विश्रांतीने आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतो. चार आठवड्यांनंतरही आवाज घोगराच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र दुर्बिणीने पाहून घ्या. विडी-तंबाखू असेल, श्वास अडत असेल किंवा मानेला गाठ लागत असेल, तर तेवढेही थांबू नका. स्वरतंतूंच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा घोगरा आवाज हीच असते, आणि त्या टप्प्यावर तो बरा होण्याची शक्यता चांगली असते.