लाव्हाच्या दोन थरांमधली गोगलगाय

नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याने निघाले की सुमारे तीस किलोमीटरवर बुटीबोरी लागते. आज हे नाव तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळे सर्वांना परिचित आहे. तिच्या जवळच टाकळघाट नावाचे गाव आहे. या परिसरात मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ती माणसांनीच रचलेली, पण इतकी जुनी की कोणी आणि का रचली हे गावात कोणाला ठाऊक नसावे. (नागपूर विद्यापीठाने १९६८-६९ मध्ये टाकळघाट आणि खापा येथे पद्धतशीर उत्खनन केले, तेव्हा महापाषाण युगातल्या या लोकांविषयी बरेच समजले.) ही वर्तुळे पाहण्यासाठी सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल तेथे गेले होते. बरोबर नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप होते. ४ सप्टेंबरला टेंपल पुढे निघाले. हिस्लॉप गावातली शाळा पाहण्यासाठी मागे थांबले आणि नंतर निघाले. वाटेतला ओढा पावसाने फुगलेला होता. तो ओलांडताना ते बुडाले. आणखी चार दिवसांनी त्यांना शेहेचाळीस वर्षे पूर्ण झाली असती.

नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव कॉलेजमुळे माहीत आहे. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात जी शाळा काढली, तिचीच पुढे वाढ होऊन १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज झाले. पण भूविज्ञानाच्या इतिहासात ते वेगळ्याच कारणासाठी ओळखले जातात. या माणसाने नागपूरच्या आसपासचे दगड फोडून त्यांत अडकलेले प्राणी आणि वनस्पती बाहेर काढल्या. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर लिहिलेला त्यांचा नागपूरच्या भूविज्ञानावरील निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. प्राण्यांच्या जगण्याच्या रीती शिकवताना आपण बहुधा वाघ, हरिण, सरडा अशी उदाहरणे घेतो. आम्ही येथे एका गोगलगायीची गोष्ट सांगणार आहोत. हिस्लॉप यांना ती नागपूरजवळच्या टाकळी येथे भेटली. टाकळी आणि टाकळघाट ही दोन वेगळी गावे आहेत. टाकळी आज नागपूर शहरातच सामावली आहे.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे, तो म्हणजे थिजलेला लाव्हा. लाव्हा एकदाच आला नाही. एक लोंढा आला, थिजला. मग पुष्कळ काळ गेला. मग दुसरा आला. विदर्भात काही ठिकाणी अशा दोन लोंढ्यांच्या मध्ये, सँडविचमधल्या चटणीसारखा, मातीचा किंवा गारेसारख्या कठीण दगडाचा एक पातळ थर सापडतो. त्याची जाडी बऱ्याचदा काही फुटांपेक्षा अधिक नसते. त्याला आंतरट्रॅपी थर म्हणतात. टाकळीच्या थरात हिस्लॉप आणि हंटर यांना गोगलगायींचे शंख मिळाले, फळे व बिया मिळाल्या, माशांचे अवशेष मिळाले, भुंगेऱ्यांचे कडक पंख मिळाले. शिंपल्यासारख्या दोन झडपांत राहणारे, खसखशीच्या दाण्याएवढे ऑस्ट्राकॉड हे प्राणीही मिळाले. भुंगेऱ्यांचे वर्णन अँड्र्यू मरे यांनी आणि ऑस्ट्राकॉडांचे वर्णन रूपर्ट जोन्स यांनी १८६० मध्ये प्रसिद्ध केले. गोगलगायींची वर्णने हिस्लॉप यांनी स्वतःच, त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे लॅटिनमध्ये लिहिली. २००८ साली जोसेफ हार्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही लॅटिन वर्णने पुन्हा तपासून त्यांवर सविस्तर निबंध लिहिला. दीडशे वर्षांनंतरही ती टाकून देण्यासारखी झालेली नव्हती.

या गोगलगायींतली सर्वांत ठळक म्हणजे फायसा प्रिन्सेपी. हिचे बारसे हिस्लॉप यांच्या आधीच, १८४० मध्ये, झाले होते. मद्रासच्या सैन्यातले डॉक्टर माल्कमसन यांनी निर्मळच्या डोंगरांतून आणि चंद्रपूरकडील चिकणी गावाहून शंख जमवले होते. त्यांवरून सॉवरबी यांनी हे नाव दिले. आता ती फायसा नव्हे, प्लॅटिफायसा या प्रजातीत धरली जाते. ओळखायला ती सोपी आहे. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरले तर बहुतेक गोगलगायींचे तोंड उजव्या बाजूला येते. हिचे डाव्या बाजूला येते. एखादा शंख तर दोन इंचांहूनही लांब असतो. वर्गात हे दाखवायला जीवाश्मच हवा असे नाही. डबक्यात सापडणारी पायला ही मोठी गोगलगाय उजवी असते आणि मत्स्यालयातल्या वनस्पतींबरोबर येणारी चिमुकली फायसा डावी असते. दोन्ही शेजारी ठेवल्या की मुले स्वतःच फरक सांगतात.

आता खरा प्रश्न. तळ्यातली गोगलगाय लाव्हाच्या मध्ये आली कशी?

हिस्लॉप यांचे उत्तर असे होते: या प्रदेशात पूर्वी एक विस्तीर्ण सरोवर होते. त्याच्या तळाशी गाळ साचला. त्यावर लाव्हा पसरला. पुढे केव्हातरी खालूनही वितळलेला पाषाण वर चढला आणि गाळाच्या थराखाली घुसून तिथेच थिजला. म्हणून गाळाच्या वर आणि खाली दोन्हीकडे काळा पाषाण दिसतो. उत्तर तर्काला धरून होते. एकच सरोवर, एकच गाळ, त्यामुळे सगळीकडे तीच गोगलगाय.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम ब्लॅनफर्ड यांना ते पटले नाही. १८६७ मध्ये त्यांनी पश्चिम व मध्य भारतातील या पाषाणांवर मोठा प्रबंध लिहिला. तोवर हिस्लॉप यांना जाऊन चार वर्षे झाली होती. त्यांचा मुद्दा समजायला तव्यावरची भाकरी आठवावी. तापलेल्या वस्तूला जी बाजू टेकते ती भाजते. लाव्हा गाळाच्या खाली नंतर घुसला असता तर गाळाचा थर दोन्ही बाजूंनी भाजलेला दिसला असता. पण भाजल्याच्या खुणा वरच्या बाजूला असतात. तेव्हा खालचा लाव्हा आधीच येऊन, थंड होऊन, झिजूही लागला होता. त्याच्या खोलगट जागांत पावसाचे पाणी साचले, उथळ तळी झाली, त्यांत जीव आले. मग वरून दुसरा लोंढा आला आणि तळे मिटले. एक विस्तीर्ण सरोवर नव्हतेच. लहान लहान तळी होती, वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या काळी. आज हेच मत मान्य आहे.

हिस्लॉप यांची ही चूक आम्हाला त्यांच्या शोधाइतकीच वर्गात सांगण्याजोगी वाटते, कारण ती दुरुस्त झाल्याबरोबर गोगलगायीपुढचा प्रश्न पार बदलला. एकच सरोवर असते तर गोगलगायीला तिथे नुसते राहायचे होते. अनेक तळी म्हटल्यावर तिला दर वेळी नव्याने पोहोचायचे होते. खाली मैलोगणती काळा खडक, त्यात कुठेतरी एक डबके, आणि त्या डबक्यात हीच डावी गोगलगाय हजर! नागपूर, चंद्रपूर, छिंदवाडा, आदिलाबाद, सगळीकडे.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच काळात इंग्लंडमध्ये तयार होत होते. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात एक साधा प्रयोग दिला आहे. मत्स्यालयात गोगलगायींची अंडी उबत असताना त्यांनी त्यात बदकाचे पाय टांगून ठेवले. नुकतीच बाहेर आलेली पिल्ले त्या पायांवर चढली आणि इतकी घट्ट बसली की पाण्याबाहेर काढल्यावरही झटकून पडेनात. दमट हवेत ती बारा ते वीस तास जगली. एवढ्या वेळात बदक कितीतरी मैल उडून दुसऱ्या तळ्यावर उतरू शकते. डार्विन यांनी तळ्याकाठचा चिखलही असाच तपासला. एका न्याहारीच्या कपात मावेल एवढ्या चिखलातून ५३७ रोपे उगवली.

उरलेले अर्धे उत्तर गोगलगायीच्या शरीरात आहे. जीवाश्म शंखातून जिवंत प्राण्याच्या सवयी थेट दिसत नाहीत, पण आजच्या नातेवाइकांवरून अंदाज बांधता येतो. फायसाच्या कुळातल्या गोगलगायी पाण्यात राहतात पण फुप्फुसासारख्या पिशवीने हवा घेतात. त्यामुळे पाणी गढूळ, कोमट आणि प्राणवायू कमी असलेले झाले तरी त्यांचे अडत नाही. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, आणि जोडीदार न मिळाल्यास आजची फायसा एकटीसुद्धा फलित अंडी घालू शकते. म्हणजे नव्या तळ्यात एकच गोगलगाय पोहोचली तरी वसाहत सुरू होऊ शकते. ती वाढतेही झपाट्याने. जिथे घर केव्हा मोडेल याचा भरवसा नाही, तिथे लवकर वयात येणे आणि भरपूर अंडी घालणे हा चांगला उपाय आहे. पायलाची रीत वेगळी. ती तळे आटू लागले की चिखलात शिरते, शंखाच्या तोंडावर झाकण ओढून घेते आणि पावसापर्यंत पडून राहते. ऑस्ट्राकॉडांपैकी अनेकांची अंडी कोरडी पडूनही मरत नाहीत. धुळीबरोबर उडतात, जनावरांच्या खुरांना लागून जातात.

याच काळात विदर्भात याहून फार मोठे प्राणी राहत होते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे लाव्हाच्या आधीच्या लॅमेटा थरांत लांब मानेच्या टायटॅनोसॉर डायनासोरांची हाडे सापडतात. हिस्लॉप यांनीही तिथून हाडे जमवली होती. हाडांबरोबर तिथे दगड झालेले शेणाचे गोळेही सापडतात. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिला. मग २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब आलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ते शेण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. वनस्पतींच्या पेशींत सिलिकेचे बारीक कण तयार होतात. पान पचून गेले तरी ते उरतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. पिसदुऱ्याच्या शेणात गवतांचे कण होते, तेही किमान पाच प्रकारच्या. शिवाय ताडवर्गीय झाडे, सूचिपर्णी, इतर सपुष्प वनस्पती होत्याच. तोपर्यंत गवत इतके जुने असल्याचा असा पुरावा नव्हता, आणि डायनासोरांच्या चित्रांत गवत काढणे ही चूक मानली जाई. तर हा अजस्र प्राणी खाण्याच्या बाबतीत हट्टी नव्हता. मिळेल ते खात होता. आपण वर्गात सांगतो की सगळे काही खाणारा प्राणी संकटात तग धरतो. याला ते पुरले नाही.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत असतानाच, पृथ्वीवर मोठी उल्का आदळली. डायनासोर संपले (पक्षी उरले, आणि तेही डायनासोरांचेच वंशज). लाव्हाचा यात वाटा किती आणि उल्केचा किती, यावर वाद अजून चालू आहे आणि तो नागपूरच्या दगडांनी एकट्याने मिटणार नाही. पण तळ्यांतल्या जिवांचे काय झाले हा प्रश्न आम्हाला अधिक रंजक वाटतो. पीटर शीहान आणि थॉर हॅन्सन यांनी १९८६ मध्ये एक कल्पना मांडली. जमिनीवरच्या मोठ्या प्राण्यांची साखळी हिरव्या पानावर उभी असते. धुळीने ऊन अडले, हिरवे पान संपले, की ती लगेच कोसळते. तळ्याची आणि ओढ्याची साखळी पुष्कळशी कुजलेल्या पाल्यावर आणि गाळावर चालते. झाडे मेली तरी कुजका पाला काही काळ मिळतच राहतो. गोड्या पाण्यातले जीव तुलनेने अधिक टिकले, त्याचे हे एक कारण असावे. मुंबईत वरळीच्या टेकडीवरच्या आंतरट्रॅपी थरात लहान बेडकांचे सांगाडे सापडले होते. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. हे थर डायनासोर गेल्यानंतरचे समजले जातात. म्हणजे त्या उत्पातानंतरही लाव्हाच्या पठारावर पाऊस पडत होता, डबकी भरत होती आणि त्यांत बेडूक होते. आपली डावी गोगलगाय मात्र आज कुठेच जिवंत नाही.

डार्विन यांचा चिखलाचा प्रयोग आपल्याकडे मे महिन्यात सहज करता येतो. आटलेल्या तळ्याच्या तळाची भेगाळलेली माती पसाभर आणावी. पसरट भांड्यात ठेवून तिच्यावर पावसाचे, किंवा एक दिवस उघडे ठेवलेले नळाचे पाणी चार बोटे ओतावे. भांडे सावलीत, उजेडाच्या जागी ठेवावे आणि रोज भिंगाने पाहून मुलांनी नोंद करावी. पहिल्या आठवड्यात काही दिसले नाही तर ओतून टाकू नये. एक दुसरे भांडे उकळून घेतलेल्या मातीचे ठेवावे, म्हणजे जीव हवेतून आले की मातीतून, या मुलांच्या हमखास प्रश्नाला उत्तर मिळेल. तळ्यावर गेल्यावर पाण्यातल्या गोगलगायींच्या शंखांवरही भिंग फिरवावे. त्यांवर कधी कधी जाळीसारखी एक पातळ साय चिकटलेली दिसते. ती शेकडो सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. हिस्लॉप आणि हंटर यांनी नागपूरच्या तळ्यातून असाच एक प्राणी मिळवला होता. मुंबईचे डॉक्टर एच. जे. कार्टर यांनी १८५८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि नाव ठेवले हिस्लोपिया लॅकस्ट्रिस.