दोन लॅम्डा सारख्या आहेत का? 1936 चा प्रश्न आणि आपली टेस्ट

संशोधनासाठी लिहिलेल्या कोडची युनिट टेस्ट करायची, तर खऱ्या डेटाबेसच्या जागी मॉक बसवतात. मॉक म्हणजे सोंगच: ‘हे आर्ग्युमेंट आलं की हे उत्तर दे’ एवढंच त्याला पढवलेलं. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी 2000 साली एका निबंधात ही पद्धत मांडली. तेव्हा आर्ग्युमेंट म्हणजे बहुधा आकडा, शब्द, नाहीतर एखादं ऑब्जेक्ट. ताडून पाहणं सोपं होतं.

पंचाईत नंतर झाली. सी-शार्प 3.0 मध्ये 2007 च्या शेवटी लॅम्डा आल्या, जावा 8 मध्ये मार्च 2014 ला. आता डेटाबेसला नुसता शब्द न देता अख्खी अटच देता येऊ लागली:

गाव => गाव.तालुका == "जव्हार"

टेस्टमध्ये हीच ओळ, कोडमध्येही हीच, तरी मॉक रिकामं उत्तर देतो. का? कंपायलर दोन ठिकाणच्या लॅम्डांची सहसा दोन वेगळी फंक्शनं बनवतो. तुलना होते ती ओळखीची, अर्थाची नाही.

मग अर्थाचीच तुलना का करत नाहीत? इथे गोष्ट प्रिन्स्टनपर्यंत मागे जाते. अलोन्झो चर्च यांनी 1930 च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलस रचलं आणि 1936 मध्ये सिद्ध केलं, की दोन लॅम्डा-पदावल्या एकमेकींत रूपांतरित होतात का, हे प्रत्येक वेळी ठरवून देणारी रीत असूच शकत नाही. म्हणजे हा लायब्ररी लिहिणाऱ्यांचा आळस नव्हे! सी-शार्पच्या एक्स्प्रेशन ट्रीमध्ये अटीची रचना हाती लागते, ती ताडताही येते; पण "जव्हार" == गाव.तालुका असं उलटं लिहिलं, की झाड वेगळं आणि अर्थ मात्र तोच.

‘कुठलीही लॅम्डा चालेल’ असं मॉकला सांगणं मला पटत नाही. मोखाड्याची अट चुकून गेली तरी टेस्ट पास! त्यापेक्षा आलेली लॅम्डा पकडा आणि नमुन्यांवर चालवून बघा: एक गाव जव्हारचं, एक मोखाड्याचं. पहिल्याला होय, दुसऱ्याला नाही.

नमुने मात्र विचार करून निवडा. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. 2011 च्या जनगणनेत जव्हार ठाणे जिल्ह्यातच आहे. जिल्ह्यावरची अट तपासायची असेल तर आधीची एक नोंद आणि नंतरची एक, दोन्ही ठेवा. तालुका तोच, जिल्हा वेगळा. अट नुसतं ‘पालघर’ बघत असेल तर 2011 ची नोंद गळते, आणि ते तिथल्या तिथे टेस्टमध्येच दिसतं.