माजी सैनिकांची वैद्यकीय सेवा, भंडारा जिल्ह्यातील

माजी सैनिकांची वैद्यकीय सेवा, भंडारा जिल्ह्यातील : सैन्यातून निवृत्त झालेल्यांच्या सेवाकालीन इजा, व्याधी व मानसिक तक्रारी ओळखून त्यांवर उपचार करण्यासाठी नागरी डॉक्टर, परिचारिका व ग्रामीण आरोग्यसेवक यांना तयार करणे, हा सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेतील एक दुर्लक्षित विषय होय. भारतीय जवान सामान्यतः वयाच्या पस्तीस ते पंचेचाळीस वर्षांच्या दरम्यान निवृत्त होतो. त्यापुढील तीस-चाळीस वर्षे तो बहुधा आपल्या गावी काढतो आणि आजारपणात त्याची गाठ प्रथम पडते ती गावच्या डॉक्टरशी. भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील या भातशेतीच्या प्रदेशास जवळची मोठी लष्करी छावणी म्हणजे १८२१ मध्ये वसविलेली कामठी (नागपूर जिल्हा). साकोली, लाखांदूर यांसारख्या तालुक्यांतील गावांपासून ती सु. १०० किमी. दूर पडते.

इतिहास : जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या संस्था महाराष्ट्रात लवकर निघाल्या. अपंग सैनिकांना व्यवसायशिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था १९१७ मध्ये मुंबईत स्थापन होऊन पुढे खडकीस गेली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, तर खडकीचे अधरांगघातग्रस्तांचे पुनर्वसन केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. या सर्व संस्था राज्याच्या पश्चिम भागात आहेत. उपचार संपवून सैनिक घरी परतला, की वैनगंगेकाठी त्याच्या पुढील देखभालीची जबाबदारी नागरी डॉक्टरांवरच येई.

भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांतात (१९५० नंतर मध्य प्रदेशात) मोडत असे. त्या काळी या भागास परवानाधारक डॉक्टर पुरविण्याचे काम नागपूरचे रॉबर्टसन मेडिकल स्कूल करी. त्याच्या जागी १९४७ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. दुसऱ्या महायुद्धात, ३ एप्रिल १९४३ रोजी, वेगवेगळ्या लष्करी वैद्यकीय सेवा एकत्र करून भारतीय सेना वैद्यकीय दल उभारण्यात आले. अनेक नागरी डॉक्टर त्यात तात्पुरत्या नेमणुकीवर गेले व युद्धानंतर आपल्या व्यवसायात परतले. सैनिकांच्या व्याधींचे ज्ञान नागरी वैद्यकात आले, ते मुख्यतः अशा डॉक्टरांच्या अनुभवातून. ही पिढी मागे पडल्यावर तो दुवाही तुटला. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (१९४८) मुख्यतः सैन्यदलांसाठी डॉक्टर घडविते. नागरी महाविद्यालयांच्या पदवी अभ्यासक्रमात मात्र माजी सैनिकांचे आरोग्य हा स्वतंत्र विषय नाही.

महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे आली. हिवताप, कुटुंबनियोजन, माता-बालसंगोपन व लसीकरण यांसाठी तेथील कर्मचाऱ्यांना पद्धतशीर प्रशिक्षण मिळत गेले. रुग्णाने पूर्वी सैन्यात नोकरी केली होती काय, याच्या नोंदीस त्यात स्थान नव्हते.

अंशदायी आरोग्य योजना : १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना (ईसीएचएस) सुरू झाली. प्रारंभी २२७ पॉलिक्लिनिके मंजूर झाली होती. २०१० मध्ये आणखी १९९ मंजूर झाल्याने ही संख्या ४२६ झाली. येथे कंत्राटी डॉक्टर बाह्यरुग्णांना तपासतात व आवश्यकतेनुसार त्यांना लष्करी किंवा योजनेशी संलग्न खाजगी रुग्णालयात पाठवितात. त्यायोगे नागरी डॉक्टर प्रथमच मोठ्या प्रमाणावर माजी सैनिकांच्या सेवेत आले. २०१९ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांनाही योजना खुली झाली. तथापि तातडीच्या प्रसंगी व किरकोळ आजारात ग्रामीण माजी सैनिकास गावाजवळचे आरोग्य केंद्रच गाठावे लागते.

प्रशिक्षणाचे विषय : तोफा व बंदुकांच्या आवाजाने आलेले बहिरेपण वृद्धत्वाच्या बहिरेपणाहून निराळे असते. अतिउंचीवर सेवा केलेल्यांत हिमदंशाचे परिणाम मागे राहतात. सियाचेनमध्ये १९८४ पासून सैन्य तैनात असल्याने हा अनुभव घेतलेले जवान देशाच्या सर्व भागांत आढळतात. कृत्रिम पाय वापरणाऱ्याच्या उरलेल्या अवयवाची त्वचा आणि अधरांगघात झालेल्याचे मूत्राशय यांकडे कायम लक्ष द्यावे लागते. मानसिक विकारांना पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ हे नाव मिळाले. आघातोत्तर ताण विकृतीस अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात स्थान मिळण्यास मात्र १९८० साल उजाडले. झोप न लागणे, चिडचिड व मद्यासक्ती यांमागे तिचे मूळ असू शकते. याशिवाय व्याधी सैनिकी सेवेमुळे जडली वा वाढली, हे ठरल्यावरच अपंगत्व निवृत्तिवेतन मिळत असल्याने डॉक्टरने केलेल्या नोंदींना आर्थिक मोलही असते.

अन्य देश : अमेरिकेत १९४६ पासून माजी सैनिकांची रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडली गेली व तेथे बहुसंख्य डॉक्टरांच्या शिक्षणाचा काही भाग पार पडू लागला. २०१४ व २०१८ च्या कायद्यांनी खाजगी डॉक्टरांकडील उपचारांचा मार्ग विस्तारला. दुसऱ्या कायद्याने अशा डॉक्टरांसाठी क्षमतेची मानके ठरविण्याचीही तरतूद केली. ब्रिटनमध्ये माजी सैनिकांच्या गरजा जाणणाऱ्या सामान्य डॉक्टरांच्या दवाखान्यांना मान्यता देण्याची पद्धत आहे.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने या विषयाचे महत्त्व वाढविले आहे. तीनुसार भरती झालेल्यांपैकी जास्तीत जास्त एक-चतुर्थांश जवान चार वर्षांनंतर सेवेत कायम होऊ शकतात. योजनेच्या मूळ अटींनुसार उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही व अंशदायी आरोग्य योजनाही लागू नाही. पंचविशीच्या आसपास गावी परतणाऱ्या या तरुणांची भिस्त सर्वस्वी नागरी आरोग्यव्यवस्थेवर राहील. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत पूर्वसेवेचा एक रकाना ठेवणे आणि तो भरणाऱ्यास त्याचा अर्थ समजावून देणे, एवढ्यापासूनही या प्रशिक्षणाचा प्रारंभ होऊ शकतो.