रविवार कुणाचा? मॅरेथॉन, मजूर आणि मोकळा वेळ

भिलाईच्या पावर हाउसमधून बोलतोय. आतापर्यंत या मालिकेत लढाया झाल्या, किल्ले झाले. आज लढाई नाही, पण पायांचीच गोष्ट आहे. निवृत्त फौजी म्हटल्यावर लोक हमखास एक प्रश्न विचारतात, "साहेब, नोकरी, घर, मुलांच्या शाळा सांभाळून मॅरेथॉनची तयारी करायची कशी?" बहुतेकांना उत्तरात एक वेळापत्रक हवं असतं. तेही देईन. पण हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा इतिहास कळला की वेळापत्रकाकडे बघण्याची नजर बदलते.

मॅरेथॉनला काय लागतं असं विचारलं तर लोक आधी बुटांची नावं घेतात. मी म्हणतो, आधी वेळ लागतो. बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर धड पार करायचे तर महिनोन्‌महिने आठवड्याला पाच-सहा तास पायांवर काढावे लागतात. शिवाय त्यातली एक धाव लांब हवी, अडीच-तीन तासांची. ही लांब धाव दोन तुकड्यांत वाटता येत नाही. बहुतेक ठिकाणी ती रविवारी होते, कारण रविवारी सुट्टी असते. आता ही सुट्टी आली कुठून ते बघा.

मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात मजुराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. दिवस उजाडला की यंत्र सुरू, मावळला की बंद. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मिलहँड्स असोसिएशन उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पहिलं आधुनिक ऑलिंपिक अजून सहा वर्षं पुढे होतं. मरीन ड्राइव्हवर रविवारी सकाळी लांब धाव घेणाऱ्या किती जणांना लोखंड्यांचं नाव माहीत असेल? असायला हवं.

सुट्टी मिळाली तरी रोजचा दिवस मोठाच होता. १९११च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराला बारा तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास झाले, १९३४ मध्ये दहा आणि चोपन्न. नऊ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा यायला १९४६ साल उजाडलं, आणि १९४८च्या फॅक्टरी ॲक्टने तो कायम केला. जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात मात्र आठ तासांचा दिवस १९१२ पासूनच होता. टाटांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

तिकडे इंग्लंडमध्ये वेगळाच खेळ चालला होता. १८६६ मध्ये लंडनच्या अमॅच्युअर ॲथलेटिक क्लबने हौशी धावपटूची व्याख्या केली. तिच्यात पैशासाठी धावणारा बाद होताच, शिवाय कारागीर आणि मजूरही बाद होता. हाताने काम करणारा माणूस मुळात हौशी असूच शकत नाही, असा त्यांचा हिशेब. हे कलम १८८० मध्ये गेलं, पण वृत्ती टिकली. खेळासाठी रजा घेतली आणि बुडालेली मजुरी कुणी भरून दिली, तर त्या खेळाडूचं हौशीपण संपलं, असा वाद पुढे कित्येक दशकं चालू राहिला. सोप्या मराठीत सांगायचं तर बापाची इस्टेट असेल त्याने धावावं. मला हा नियम नेहमीच दांभिक वाटत आला आहे. शर्यत पायांची होती, आणि प्रवेश फावल्या वेळावर ठरत होता.

गंमत अशी की मॅरेथॉनने हा कावा पहिल्या दिवसापासून उधळून लावला. १८९६ मध्ये अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली स्पिरिडॉन लुईने, आणि तो होता पाणी वाहून नेणारा. सुमारे चाळीस किलोमीटर, दोन तास अठ्ठावन्न मिनिटं पन्नास सेकंद. त्याच्या पायांची तयारी पाण्याच्या खेपांनी आधीच करून ठेवली होती. आपल्याकडचे जासूद, हरकारे आणि इंग्रजी अमलातले घुंगरू लावलेला भाला घेऊन धावणारे डाकवाले याच जातकुळीतले. त्यांना कुणी विचारलं असतं की काम आणि धावणं यांचा तोल कसा साधता, तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

आता पुण्याला येऊ. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ची. सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष झाले आणि तिथल्या मैदानी स्पर्धा बघायला गेले. पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या स्पर्धांचं वर्णन केलं आहे. धावणारी मुलं शेतकरी घरांतली, खाणंपिणं बेताचं. युरोपातले नियम त्यांना ठाऊक नव्हते, शास्त्रशुद्ध तालीम कुणी दिलेली नव्हती. मैदान लहान आणि खडबडीत. लांब पल्ल्याची शर्यत भर रस्त्यावर, खडीच्या कठीण सडकेवर, अनवाणी. आणि तरीही त्यांच्या वेळा परदेशातल्या धावपटूंच्या जवळ जात होत्या. दोराबजी स्वतः इंग्लंडात शिकलेले, खेळांचे शौकीन. आपण काय बघतोय हे त्यांना कळलं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड हेही या स्पर्धांना आले होते. हिंदुस्थानने १९२०च्या ऑलिंपिकला संघ पाठवावा ही कल्पना तिथूनच पुढे सरकली, आणि खर्चाचा मोठा भार दोराबजींनी उचलला.

बेल्जियममधल्या अँटवर्पला गेलेल्या त्या छोट्या संघाची नावं वाचा: फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी, पुर्मा बॅनर्जी, आणि कुस्तीगीर कुमार नवले व रणधीर शिंदे. बॅनर्जी बंगालचे. बाकीची नावं वाचताना आपल्या मुलखाचा वास येतो. चौगुले बेळगावचे. (आमच्या फौजेत बेळगाव म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आठवतं, पण ते तिथे १९२२ मध्ये आलं. चौगुले त्याच्याही आधी धावून आले होते.)

२२ ऑगस्ट १९२०, हवा पावसाळी. त्या वर्षीचा मार्ग बेचाळीस किलोमीटर सातशे पन्नास मीटर होता. ऑलिंपिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन ना त्याआधी झाली, ना नंतर. जिंकला फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन, दोन तास बत्तीस मिनिटं छत्तीस सेकंदांत. एस्टोनियाचा लोसमान जेमतेम तेरा सेकंदांनी मागे. आणि एकोणिसावा आला बेळगावचा फडेप्पा चौगुले: दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंद. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही.

हिशेब करून बघा. चौगुल्यांचा वेग पडतो किलोमीटरला चार मिनिटं, किंबहुना केसभर कमीच. लुईपेक्षा सुमारे पावणेतीन किलोमीटर जास्त धावूनही आठ मिनिटं कमी. आज हातात घड्याळ, पायात दहा हजारांचे बूट आणि मोबाइलमध्ये प्रशिक्षक असलेल्या हौशी धावपटूंनी हा वेग एक किलोमीटर जरी धरून पाहिला तरी आदर वाढेल. आणि पहिला आलेला कोलेमाइनेन? तो अमेरिकेत गवंडीकाम करायचा. म्हणजे विटा रचणारा पहिला आला, आणि ज्या मुलांना पाहून आपला संघ निघाला ती नांगरामागची होती. १८६६च्या त्या कलमाने दोघांनाही दारात उभं केलं नसतं.

नंतरच्या काळात नोकरी सांभाळून धावणाऱ्यांची मोठी रांग आहे. मी भराभर सांगतो. एमिल झाटोपेक बाटाच्या बुटांच्या कारखान्यातून आला, पुढे फौजेत अधिकारी झाला. १९५२ मध्ये हेलसिंकीत पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं त्याची. त्याच मॅरेथॉनमध्ये आपल्या सूरतसिंग माथूर यांनी शर्यत पूर्ण केली, बावन्नावे आले. त्याच शर्यतीत उतरलेला इंग्लंडचा जिम पीटर्स चष्मे तपासून द्यायचा. न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करी, वर घरोघर दूध टाकी, आणि त्यातून आठवड्याला शंभर मैलांची तालीम उभी केली. आज जगभर जी 'आधी पाया, मग वेग' पद्धत चालते, तिचा उगम त्या दूधवाल्याच्या पायांत आहे. कापड उद्योगातला रसायनतज्ज्ञ रॉन हिल कामावर धावत जाई आणि धावत परत येई. १९७० मध्ये बोस्टन जिंकला. जपानचा युकी कावाउची साइतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत होता, शाळेच्या कार्यालयात. २०१८ मध्ये थंडी-पावसात त्यानेही बोस्टन जिंकलं, आणि पुढच्या वर्षी पूर्णवेळ धावण्यासाठी नोकरी सोडली.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर वेगळं निघालं. नोकरी आणि धावणं यांचा तोल साधत बसण्यापेक्षा आपण धावण्याचीच नोकरी केली. फौज, रेल्वे, पोलिस, टाटा स्टील, सार्वजनिक कंपन्या. बक्सरकडचे शिवनाथ सिंग फौजेत होते, मग टाटा स्टीलमध्ये. १९७६ मध्ये माँट्रियलला दोन तास सोळा मिनिटं बावीस सेकंदांत अकरावे आले, आणि १९७८ मध्ये जालंधरला बरोबर दोन तास बारा मिनिटं. तो राष्ट्रीय विक्रम कितीतरी दशकं कुणाला हलवता आला नाही. आपल्या मोही गावची, दुष्काळी माणदेशातली ललिता बाबर रेल्वेत लागली. मुंबई मॅरेथॉन गाजवली, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत ओएनजीसीत लागली. ही नोकरी नसती तर या मुली विसाव्या-बाविसाव्या वर्षी धावण्यातून बाहेर पडल्या असत्या, यात मला शंका नाही.

म्हणून फौजी माणसाने सिव्हिलियन लोकांना पहाटे उठण्यावर व्याख्यान देऊ नये असं माझं मत आहे. आम्हाला सकाळची पीटी परेड असते. धावलो की ती ड्यूटीत मोजली जाते. आमच्या चिकाटीचं कौतुक होतं, पण तिच्यामागे सरकारने दिलेली वेळ असते, लंगरमधला तयार चहा-नाश्ता असतो. गिरणीतल्या किंवा दुकानातल्या माणसाने चोरून काढलेला तास जास्त महाग आहे.

फेब्रुवारी २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि चित्र पालटलं. बँकेतले, संगणकवाले, डॉक्टर, वकील धावू लागले. शर्यतीच्या पहाटे त्यांच्यासाठी खास लोकल सुटू लागल्या. हे लोक पदकासाठी धावत नाहीत, आणि त्यांचा वेळ कुणी भरूनही देत नाही. बायकांचा हिशेब आणखी कठीण. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉनच मुळी १९८४ मध्ये आली. आणि घरातली बाई पहाटे पाचला धावायला निघते तेव्हा डब्याची भाजी आदल्या रात्री चिरलेली असते, दूध कोण घेणार आणि नळ कोण भरणार हे ठरलेलं असतं. नवरा पाचला निघतो तेव्हा हे सगळं आपोआप होत असतं. घरात दोघं धावणारी असतील तर वेळापत्रक आधी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा, मग बुटांजवळ.

आता आमच्या भिलाईचं. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. अशी भट्टी रविवार पाळत नाही. तिथे फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट असं चक्र फिरतं आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्याही वारी येते. म्हणून मुंबई-पुण्याचं छापील वेळापत्रक इथल्या शिफ्टवाल्याच्या उपयोगाचं नाही. त्याने आठवडा सोमवारपासून मोजूच नये, आपल्या सुट्टीपासून मोजावा. लांब धाव सुट्टीच्या दिवशी, मग तो बुधवार का असेना. सेकंड शिफ्टचे दिवस सगळ्यात चांगले: रात्री दहाला सुटलात, झोप पुरी केलीत, की सकाळ तुमची. वेगाची तालीम तेव्हाच. फर्स्ट शिफ्टला पहाटे चारपासून दगदग असते, तेव्हा दुपारी जरा पडून संध्याकाळी हलकी धाव. उन्हाळ्यात तीसुद्धा सूर्य बुडाल्यावर, इथली लू कुणाची भीड ठेवत नाही. नाइटच्या दिवसांत सकाळी घरी आल्या आल्या बूट घालणारे मी पाहिले आहेत. ते करू नका. आधी झोपा. त्या आठवड्यात दोन छोट्या धावा झाल्या तरी पुष्कळ. दर नाइटनंतर थकवा साचत गेला की गुडघा आणि पोटरी बोलायला लागतात. आणि जी. ई. रोडच्या कडेने अंधारात धावणार असाल तर अंगात पांढरा किंवा चमकत्या पट्टीचा शर्ट ठेवा. ट्रकवाल्याला तुमची पाळी कोणती हे दिसत नाही.